श्वासातून इन्सुलिन: पावडर मे महिन्यात चिकटते, जुलैत गोळा होते. कुणाला उपाय माहीत आहे का?

कडकभाकरी, १२ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा मी बारावीत होते. तोवर आईचं इन्सुलिन माठात असायचं. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत एक बोळकं, बोळक्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली आणि वर भिजवलेलं फडकं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ते फडकं दिवसातून चार वेळा ओलं करायचं काम माझ्याकडं. आई विड्या वळते. मांडीवर सूप, शेजारी तंबाखू, आणि जेवणाआधी पदराआड पोटात सुई. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर नको वाटलं म्हणून आपण दोनदा सुई टाळली होती, असं तिनं मला खूप उशिरा सांगितलं.

पीएचडीचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा माझं मन आधीच ठरलेलं होतं. पेप्टाइड औषधं (इन्सुलिनसारखी, अमिनो आम्लांच्या साखळ्यांची) श्वासातून देता येतील अशी कोरडी पावडर. तीन वर्षं हेच करतेय, इथंच सोलापुरात. गाडी एका जागी अडली आहे म्हणून हा धागा. पण आधी मूळ गोष्ट सांगते, म्हणजे या विषयाबाहेरच्या लोकांनाही बोलता येईल.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांची जोडी. पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचून जाते, म्हणून सुई. फुफ्फुसाचं तसं नाही. शेवटच्या वायुकोशांची भिंत मायक्रॉनच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याइतकी पातळ, पलीकडं लगेच रक्त, आणि सगळे वायुकोश पसरले तर ७० चौरस मीटरच्या वर जागा. कल्पना नवी नाही. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं १९२२ साली, आणि १९२५ मध्येच जर्मनीत ते हुंगवून देण्याचा प्रयत्न झाला होता. अडचण आहे ती तिथवर पोचण्याची. श्वासनलिका घशापासून खाली वीस-बावीस वेळा फाटत जाते. कण ५ मायक्रॉनहून मोठा असेल तर पहिल्या वळणावरच घशात आपटतो, अर्ध्या मायक्रॉनहून बारीक असेल तर उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. आपल्याला हवा १ ते ३ मायक्रॉनचा. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल.

त्यातही नुसता आकार बघून चालत नाही, वजन बघावं लागतं. १० मायक्रॉनचा कण आतून इतका पोकळ असेल की त्याची घनता पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच भरेल, तर हवेत तो जेमतेम ३ मायक्रॉनच्या भरीव कणासारखा वागतो. ज्वारीची लाही आणि ज्वारीचा दाणा पाखडून बघा, तोच फरक.

असे कण करायचा माझा मार्ग स्प्रे ड्रायरचा. इन्सुलिन, ट्रेहॅलोज नावाची साखर आणि ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल पाण्यात विरघळवायचं आणि नोझलमधून गरम हवेत बारीक फवारायचं. थेंब क्षणात वाळतो, पावडर सायक्लोनमधून, म्हणजे हवा गरगर फिरवून पावडर वेगळी करणाऱ्या नरसाळ्यातून, खालच्या बाटलीत जमते. गरम हवेत इन्सुलिन जळत नाही का, असं मला सगळे विचारतात. हवा शंभरच्या वर असते, पण थेंब ओला असेतो त्यातून पाणी उडत असतं आणि उडणारं पाणी थेंबाची उष्णता घेऊन जातं. आईच्या माठाचं तत्त्व हेच. ज्या दिवशी हे मला वर्गात कळलं त्या दिवशी घरी जाऊन मी माठावरच्या फडक्याला हात लावून बघितला होता.

ट्रेहॅलोज वाळताना काचेसारखी घट्ट होते आणि इन्सुलिनचा रेणू आपल्यात जखडून ठेवते. ल्युसिन थेंबाच्या पृष्ठभागावर सरकतं आणि सुरकुतलेलं कवच करतं, त्यामुळं कण एकमेकांना कमी चिकटतात. दम्याच्या रोटाकॅपमध्ये असते ती दुधातली साखर, लॅक्टोज, मी मुद्दाम टाळली. तिची इन्सुलिनच्या अमिनो गटांशी हळूहळू क्रिया होते. दूध आटवताना खवा तांबूस होतो ना, तसंच काहीसं.

आता अडचण. आमच्या लॅबला हवा नियंत्रित करायची सोय नाही. जुलैत पावडर बाटलीतून काढेपर्यंत गोळा होते, पावसाळ्यात पिठाचा डबा उघडा राहिल्यासारखी. म्हणून मी मार्च ते मे कामाला लावले. हवा कोरडी, पावडर सुरेख पडते, पण काचेला, चमच्याला, कॅप्सूलच्या आतल्या भिंतीला अशी काही चिकटते की मोजायला हातात काही उरत नाही. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे यात गेले. महागडी यंत्रणा मागितली होती, मिळाली नाही. स्वस्तातला उपाय कुणाला माहीत असेल तर सांगा.


भुईकोट, १३ जुलै, सकाळी ७:१५

ताई, फार छान लिहिलंत. मला १० वर्षं शुगर आहे, म्हणून भोळा प्रश्न विचारतो. आता तर शुगरची पेप्टाइडची गोळीही निघाली आहे म्हणतात. मग एवढा खटाटोप श्वासाचा कशाला?


कडकभाकरी, १३ जुलै, सकाळी ८:०२

प्रश्न बरोबर आहे, काका. तुम्ही म्हणता ती सेमाग्लुटाइडची गोळी, अमेरिकेत २०१९ मध्ये आली. ती उपाशीपोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही. इतकं पाळूनही गोळीतल्या औषधाचा एखादा टक्काच रक्तात पोचतो, तोही नसतो कधी कधी. सेमाग्लुटाइड शरीरात आठवडाभर टिकतं म्हणून तेवढ्यावर भागतं. जेवणावेळचं इन्सुलिन काही मिनिटांत चढायला आणि दोन-तीन तासांत उतरायला हवं, तिथं गोळीचा बेभरवसा परवडत नाही. फुफ्फुसातून ते सुईपेक्षाही लवकर चढतं.


सुईसोबती, १३ जुलै, सकाळी ९:३०

मी टाइप वन मधुमेही. चौदा वर्षं, दिवसाला चार सुया. हा धागा वाचताना घशात दाटून आलं. एक्झुबेरा नावाचं श्वासाचं इन्सुलिन आलं होतं ना? ते का बंद पडलं? आमच्या ग्रुपवर जो तो वेगळं कारण सांगतो.


निवृत्त_फॉर्म्युलेटर, १३ जुलै, दुपारी १:५०

मी मूळचा सोलापूरचा, नोकरी सगळी बाहेर झाली. इनहेलरच्या पावडरींत आयुष्य गेलं, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देतो.

फायझरच्या एक्झुबेराला जानेवारी २००६ मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडं मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, कंपनीनं माल मागं घेतला आणि २८० कोटी डॉलरचा तोटा दाखवला. पावडर चांगली होती हे मी आजही ठामपणे सांगेन. स्प्रे ड्राय केलेली, काचेसारखी घट्ट, फ्रीज लागत नव्हता. उपकरणात हातानं दाबलेली हवा पावडर उडवायची, त्यामुळं रुग्णाच्या ओढीवर भिस्त नव्हती. पण ते उपकरण उघडलं की टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढं व्हायचं. चारचौघांत सुई नको म्हणून जो माणूस हे घेणार, तो चारचौघांत तो डबा कसा काढेल? मात्रा युनिटमध्ये नव्हती, १ आणि ३ मिलिग्रॅमची पाकिटं होती. ३ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ८ युनिट, आणि १ मिलिग्रॅमची तीन पाकिटं घेतली तर हिशेब वेगळा. डॉक्टरही गोंधळायचे. शिवाय १० टक्क्यांच्या आसपासच इन्सुलिन रक्तात पोचायचं, म्हणजे बाकीचं वाया आणि किंमत चढी.

अफ्रेझा हे त्याच्यानंतरचं, मॅनकाइंड या अमेरिकी कंपनीचं. जून २०१४ मध्ये मंजूर झालं. उपकरण तळहातात मावतं, मात्रा ४, ८, १२ युनिट अशी लिहिलेली. त्यातलं इन्सुलिन एका वेगळ्याच वाहकाच्या स्फटिकांवर बसवलेलं असतं. ते स्फटिक आम्लात टिकतात आणि फुफ्फुसाच्या उदासीन पीएचला लगेच विरघळतात. भारतात सिप्लाला त्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली.

सुईसोबती, एक गोष्ट ग्रुपवर जरूर सांगा. हे फक्त जेवणावेळचं इन्सुलिन आहे. टाइप वनला दिवसभराची लांब पल्ल्याची सुई सुटत नाही.

आता कडकभाकरी, तुमच्याकडं वळतो. कॅप्सूल कोणती वापरता?


कडकभाकरी, १३ जुलै, दुपारी २:२०

साधी जिलेटिनची, सर. ३ नंबरची. तीच स्वस्त मिळाली.


निवृत्त_फॉर्म्युलेटर, १३ जुलै, दुपारी २:४५

तिथंच एक गळती आहे. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये वजनाच्या १३ ते १६ टक्के पाणी असतं. तुमची ट्रेहॅलोज तहानलेली. बंद बाटलीत ठेवली तरी ती कॅप्सूलमधलंच पाणी ओढून घेते आणि मऊ पडते, आणि पाणी गमावलेली कॅप्सूल इनहेलरमध्ये टोचताना तडकते. एचपीएमसीची (सेल्युलोजपासून केलेली) कॅप्सूल घ्या, तिच्यात पाणी त्याच्या निम्म्याहून कमी. बाटलीत सिलिका जेलची पुडी टाका आणि बाटली अॅल्युमिनियमच्या पाकिटात सील करा.

दुसरं, इन्सुलिन शाबूत आहे हे कशावर तपासता? नुसती एचपीएलसी (द्रावणातले रेणू वेगळे करून मोजणारी चाचणी) पुरत नाही. फवारताना थेंबाला अफाट पृष्ठभाग मिळतो, आणि हवा-पाण्याच्या सीमेवर इन्सुलिन उलगडून एकमेकांत गुंततं. रेणू तुटलेला नसतो, म्हणून साध्या एचपीएलसीत सगळं ठीक दिसतं.


कडकभाकरी, १३ जुलै, रात्री ९:१०

सर, त्या गुंत्यानं माझे सहा महिने खाल्ले. एचपीएलसी स्वच्छ, पण पावडर पाण्यात परत विरघळवली की किंचित गढूळ. आकारानुसार वेगळे करणारा कॉलम लावला तेव्हा मोठे गुंते सापडले. पॉलिसॉर्बेट ८०, साबणासारखं एक द्रव्य, अगदी चिमूटभर घातलं. ते थेंबाच्या पृष्ठभागावरची जागा आधीच अडवतं, मग इन्सुलिन आत राहतं. गढूळपणा गेला त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच होते, आणि आईला फोन लावून नुसतं "पाणी स्वच्छ झालं" एवढंच बोलले. तिला काय समजलं देव जाणे, पण ती रडली.

कॅप्सूलचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उद्याच मागवते.


श्वासमापी, १४ जुलै, रात्री ११:२५

मी सोलापुरात छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. ओपीडी संपवून आत्ता वाचलं. ताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच एक कडू गोष्ट मांडतो.

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार) असलेल्यांना अफ्रेझा देता येत नाही. श्वासनलिका एकदम आवळण्याचा धोका असतो, आणि औषधाच्या माहितीपत्रकात तो इशारा सगळ्यात वर, चौकटीत छापलेला आहे. सुरू करण्याआधी फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, स्पायरोमेट्री, सहा महिन्यांनी परत, मग दरवर्षी. धूम्रपान करणाऱ्यांनाही ते सुचवत नाहीत. एक्झुबेराच्या वेळी दिसलं होतं की ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसातून इन्सुलिन दुपटी-तिपटीनं, कधी त्याहूनही जास्त शोषलं जातं. म्हणजे साखर धडकन खाली. पुढं २००८ मध्ये त्याच्या चाचण्यांतून फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ६ रुग्ण समोर आले, तुलनेच्या गटात १. ते सगळे पूर्वी सिगारेट ओढणारे. आकडे इतके छोटे होते की त्यावरून दोष ठरवता आला नाही, पण माहितीपत्रकात नोंद करावीच लागली.

आता माझ्यासमोर बसणारा सोलापूरकर बघा. यंत्रमागावर वीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेला कामगार, ज्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली बाई, जिनं कधी विडी ओठाला लावली नाही आणि तरी तिला सीओपीडी आहे. तंबाखूच्या भुकटीत दिवसाचे आठ-दहा तास बसणाऱ्या विडी कामगार बाया. यांच्यातच मधुमेह भरपूर. निरोगी, नळीसारख्या मोकळ्या फुफ्फुसावर बसवलेला हिशेब यांना लावता येणार नाही. तुमच्या आईची स्पायरोमेट्री झाली आहे का?


कडकभाकरी, १५ जुलै, सकाळी ६:५०

रात्रभर झोप लागली नाही, डॉक्टर. आईची स्पायरोमेट्री कधीच झालेली नाही. मी तीन वर्षं तिच्यासाठी म्हणून पावडर करतेय, आणि तिची छाती मी एकदाही तपासून घेतली नाही.


श्वासमापी, १५ जुलै, सकाळी ७:३०

घेऊन या. स्वतःला दोष देऊ नका. चाचणी पंधरा-वीस मिनिटांची आहे, जोरात फुंकायचं असतं एवढंच. आणि माझं म्हणणं काम थांबवा असं नव्हतं. अशा पावडरींच्या चाचण्या होतील तेव्हा यंत्रमागवाले आणि विडीवाल्या बायाही त्यात असायला हव्यात, वगळायच्या यादीत नकोत. ते तुम्ही तुमच्या प्रबंधात लिहा. बाहेरचं कुणी लिहिणार नाही.


उपकेंद्र_सिस्टर, १५ जुलै, दुपारी ३:१५

मी अक्कलकोट तालुक्यात एका उपकेंद्रावर एएनएम आहे. मला इन्सुलिनपेक्षा दुसरं विचारायचंय. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला आम्ही ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. लाइट गेली की माझा अर्धा जीव त्या फ्रीजमध्ये. तेही पेप्टाइडच ना? त्याची पावडर नाही होणार?


कडकभाकरी, १५ जुलै, सायंकाळी ५:४०

होईल, सिस्टर, आणि त्यावर काम झालेलंही आहे. ऑक्सिटोसिन फक्त ९ अमिनो आम्लांचं, इन्सुलिनच्या मानानं लहानसं, म्हणून फुफ्फुसातून सहज पलीकडं जातं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं नेमका तुमचाच प्रश्न समोर ठेवून श्वासातून घ्यायचं, उष्णतेत टिकणारं कोरडं ऑक्सिटोसिन बनवलं. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात ते स्नायूत टोचल्यासारखंच रक्तात पोचलं. तुमच्या हाती यायला अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. पण मला तर हे काम इन्सुलिनपेक्षाही निकडीचं वाटतं. इन्सुलिन रोज, वर्षानुवर्षं फुफ्फुसात जाणार, त्याची काळजी डॉक्टरांनी वर सांगितलीच. ऑक्सिटोसिन बाळंतपणात एकदाच. दर सहा महिन्यांच्या तपासणीचा प्रश्नच नाही.


उपकेंद्र_सिस्टर, १५ जुलै, सायंकाळी ६:०५

बाळंतीण दमलेली असते हो. अशा वेळी तिला जोरात श्वास ओढायला जमेल का, हेही तुमच्या त्या विद्यापीठवाल्यांनी बघितलं असेल अशी आशा करते. माझ्या बायांना मी नीट ओढायला शिकवीन, पण आधी, सातव्या-आठव्या महिन्यातच शिकवावं लागेल.


निवृत्त_फॉर्म्युलेटर, १५ जुलै, रात्री ८:३०

सिस्टर, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. साध्या पावडर इनहेलरला बॅटरी नसते, पावडर फोडायची ताकद श्वासातूनच येते. म्हणून पावडर अशी हवी की हलक्या श्वासालाही सुटी व्हावी. कडकभाकरी, तुम्ही काचेचा दोन कप्प्यांचा इम्पिंजर (घशात अडकणारे आणि फुफ्फुसात पोचणारे कण वेगळे करून दाखवणारं उपकरण) वापरत असाल तर मिनिटाला ६० लिटरवरच थांबू नका. ३० लिटरलाही पंप लावून बघा. त्या प्रवाहाला कप्प्यांची सीमा बदलते, ६० लिटरला असते ती ६.४ मायक्रॉन राहत नाही, हे लक्षात ठेवून आकडे वाचा. पण पावडर सुटी होते की नाही, ते दिसेल.


धोटा, १६ जुलै, सकाळी १०:२०

नमस्कार अक्का. आमचे यंत्रमाग, टॉवेलचे. पेप्टाइड-बिप्टाइड मला कळत नाही, पण तुमची मूळ अडचण माझ्या धंद्याची आहे म्हणून लिहितो.

कोरड्या हवेत सूत तुटतं, तंतू उडतात, धागे एकमेकांना आणि लोखंडाला चिकटतात. ती स्थिर वीज. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, तिथं उन्हाळ्यात हवेत पाणी फवारायचे. आम्ही पण शेडमध्ये ओल ७० टक्क्यांच्या वर ठेवतो. ओल फार झाली की कांजी लावलेला ताणा चिकट होतो, तुमच्या जुलैच्या पावडरीसारखा. म्हणजे अक्का, तुम्ही मे आणि जुलै यांतला महिना निवडत बसलात. महिना निवडायचा नसतो, ओल निवडायची असते. आमचा आकडा ७५, तुमचा दुसरा असेल. एक छोटी खोली बंद करा, आकडा धरून ठेवा. उन्हाळ्यात ओल वाढवायची, पावसाळ्यात काढायची.


कडकभाकरी, १६ जुलै, सकाळी १०:४५

अण्णा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी आजवर ओल म्हणजे शत्रू एवढंच धरून चालले होते, जितकी कमी तितकी चांगली. मे महिन्यात पावडर चिकटते तीही ओलीमुळंच, ओल नसल्यामुळं, हे मला सुचलंच नाही.

फॉर्म्युलेटर सर, ट्रेहॅलोज आणि ल्युसिनच्या पावडरीला कितीचा आकडा धरू?


निवृत्त_फॉर्म्युलेटर, १६ जुलै, दुपारी १२:१०

यंत्रमागवाल्या मालकांना माझा नमस्कार. अगदी बरोबर सांगितलं त्यांनी.

३० ते ३५ टक्के धरा. २० च्या खाली वीज साचते. ५० च्या पुढं तुमची काचेसारखी ट्रेहॅलोज पाणी पिऊन स्फटिक व्हायला लागते, आणि मग इन्सुलिन उघड्यावर पडतं. यंत्रणा मोठी नको. अॅक्रिलिकची पेटी, हातमोज्यांची दोन भोकं, आत एक लहान पंखा. पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ताटलीत. त्या मिठावरची बंद हवा आपोआप ३३ टक्क्यांवर येऊन थांबते. वीजही लागत नाही. पण पेटीत मोजणारं काहीतरी ठेवा, आणि ते खरं दाखवतं का हे आधी तपासा. स्वस्त डिजिटल मापकांवर माझा विश्वास नाही.


सुईसोबती, १६ जुलै, दुपारी १:०५

ताई, पेटी करून देणारा अशोक चौकात माझा मित्र आहे, अॅक्रिलिकचं काम करतो. माप पाठवा. पैशांचं नंतर बघू.


धोटा, १६ जुलै, दुपारी १:३०

मापक तपासायला आमच्या शेडमध्ये आजोबांच्या वेळचा ओला-सुका थर्मामीटर टांगलेला आहे. एक नळी उघडी, दुसरीच्या गोळ्याला ओली वात. वातीतलं पाणी उडतं तसा दुसरा पारा खाली येतो, दोघांतला फरक तक्त्यात बघायचा. तुमचा डिजिटल त्याच्या शेजारी दोन तास ठेवा, खरं-खोटं कळेल. शेड ८ला सुरू होते, त्याच्या आधी या, धूळ कमी असते. मास्क घालून या.


कडकभाकरी, १६ जुलै, दुपारी १:५०

तुमच्या थर्मामीटरच्या ओल्या वातीत जे घडतं तेच माझ्या थेंबात घडतं, अण्णा, आणि आईच्या माठातही. उद्या ७ला पोचते. आईलाही घेऊन येते, तिथून पुढं डॉक्टरांकडं स्पायरोमेट्रीला जायचं आहे. वात जुनी झाली असेल तर नवी कापसाची मी आणते.


धोटा, १६ जुलै, दुपारी १:५५

वात नका आणू अक्का. सुताच्या गावात सूत विकत कशाला घेता?